कडी लावलेलं नाणं

अण्णा, तिनं नाण्याला कडी लावून आणली आणि तिथंच सगळं फिरलं. तुमच्या डबीतलं जुन्या क्षत्रप राजांच्या काळातलं ते बारकं चांदीचं नाणं, राजाचा चेहरा असलेलं. जिच्याशी लग्न करायचं म्हणतोय, तिला मीच दिलं होतं. शहागंजातल्या सोनाराकडून तिनं डाख देऊन कडी बसवली, नाणं घासून लखलखीत केलं, काळ्या दोऱ्यात ओवलं अन् मी काम करतो त्या कापडदुकानासमोर येऊन म्हणाली, "बघ, आता रोज गळ्यात." मला दिसला तो राजाच्या कपाळावर ओघळलेला डाख. भर गुलमंडीत ओरडलो, "माझ्या बापानं जन्मभर जपलेलं होतं ते. अण्णा असते तर तुला दारात उभं केलं नसतं." तिनं दोरा काढून माझ्या हातात ठेवला. "मग ठेव अण्णांच्या डबीत," एवढंच बोलली. आता तिच्या घरी स्थळं बघतायत. कॉलेज अर्धवट सोडलेल्याला ते तशीही पोरगी देणार नव्हते, पण ती तरी माझ्या बाजूनं होती.

आज दुकान बंद. नाणं खिडकीच्या तिरप्या उजेडात धरून बसलोय, तुम्ही शिकवलं तसं. चरा दिसला की म्हणायचात, "तळ बघ. काळा असंल तर जुना, नाण्यानं भोगलेला. चमकला तर आत्ता कुणीतरी केलेला. खड्डे मातीनं पाडलेत, त्याला इलाज नाय." या नाण्यावर सगळंच चमकतंय. तुमच्या नजरेनं गेलंच ते.

पण मग ती दिवाळी आठवते. लक्ष्मीपूजनाला म्हणून आईनं तुमची अख्खी डबी चिंच अन् राखेनं घासून काढलेली. तुम्ही कचेरीतून येता, ती ताट पुढं करते, "अहो, किती काळी पडली होती." मी दाराशी, आता काय होतंय म्हणून. तुम्ही एकेक नाणं उचलून बघता, सावकाश. "छान निघालीत," म्हणता आणि पाटावर बसून त्यांना हळदकुंकू लावता. नंतर मी विचारलं, वाईट नाही वाटलं? तर माझ्यावरच उखडलात, "लई वाटलं. पण तिच्यापुढं यातलं तोंडातून काढायचं नाय."

आणि मी तुमचं नाव घेऊन तिला काय बोललो. तुम्ही कुणाला कधी बोलला नसता ते.

थकलोय, अण्णा. आठवडाभर स्वतःशीच भांडतोय. हा कागद इथंच ठेवून मुकुंदवाडीला तिच्या घरी निघतो. दारात तिचा बाप असेल, त्याला काय सांगायचं तेही ठरलेलं नाही. खरं सांगतो, तो डाख मला अजून खुपतो. तिच्या गळ्यात दिसला तरी खुपेलच. तेवढं गप्प बसायला जमेल बहुतेक. नाणं घेतलंय. दार ओढून घेतो.