गादीवरची तिसरी बाई

आण्णा, मी जिच्याशी लग्न करणार होतो, तिनं पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात धावत येऊन त्या बाईला "आई" म्हणून मिठी मारली, तिथंच माझं सगळं संपलं. तोवर ती बाई माझ्या लेखी टोळीतली तिसरी होती. मीच धरून दिलेली.

तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी मी तुम्ही जन्मभर नोकरी केलीत त्याच दुकानात, बापाच्याच जागेवर साड्या दाखवायला बसतोय. कॉलेज मधेच सोडलं. सरांशी भांडलो, माफी मागणार न्हाय म्हणालो आणि परत गेलोच नाही. माझं डोकं तापलं की तुम्ही हातात साडी द्यायचा, घडी घाल म्हणायचा. घडी नीट पडेपर्यंत राग उतरलेला असायचा. आता रोज घड्या घालतो, राग काही उतरत नाही. शाळेच्या सुट्टीत दुकानात आलतो तो दिवस आठवतोय. एका बाईनं साडी पदराखाली घेतली, मी ओरडणार तोच तुम्ही माझा दंड दाबलात. चहा मागवलात आणि तिला म्हणालात, "मावशी, एक घडी चुकून तुमच्याकडं सरकली बघा." तिनं काढून दिली, चहा अर्धा ठेवून गेली. मी चिडलो, तर झापलंत मलाच. मला तो तुमचा दुबळेपणा वाटला. म्हणून गेल्या महिन्यात व्यापाऱ्यांच्या बैठकीत मी उठून बोललो. टोळ्या फिरतायत, एक बोलण्यात गुंतवते, दुसरी उचलते, आणि आपण चहा पाजतोय. नव्या कायद्यात टोळीनं दुकानात चोरी केली तर सात वर्षांपर्यंत आत घालता येतं, तेच कलम लावा, तेही कमीच आहे, म्हणालो. टाळ्या पडल्या. मालकांनी पाठ थोपटली.

काल दुपारी तिघी गादीवर बसल्या होत्या. दोघींच्या परकराला आतून शिवलेल्या खिशांत साड्या सापडल्या. तिसरीकडं काहीच नाही. पण कॅमेऱ्यात दिसतंय, ती हिरवी इरकल उलगडून बघते, शेजारणीच्या हातात देते, आणि तीच साडी लपवली जाते. मी म्हणालो, तिघी मिळून आल्यात. जबाबात तसंच लिहिलं गेलं, मी सही केली. आण्णा, आपल्या गादीवर अनोळखी बायका एकमेकींच्या खांद्यावर साड्या टाकून बघतात, ह्यो रंग तुमास्नी खुलतोय की म्हणतात, हे मी लहानपणापासून बघतोय. त्या क्षणी आठवलं नाही. टाळ्या मात्र आठवत होत्या.

ती साडी घ्यायला आलीच नव्हती. मग का आलीस, ह्यावर लेकीचं नाव निघू नये म्हणून ती पोलिसांपुढं गप्प बसली, आणि संशय पक्का झाला. उत्तर तिच्या लेकीनं मला फाटकाबाहेर दिलं. "आई तुला बघायला आलती. म्हणाली, मी कोण ते सांगत न्हाय. गिऱ्हाईक होऊन बसते, पोरगं माणसांशी कसं बोलतंय ते कळंल." मी तिचा हात धरायला गेलो. तिनं ओढून घेतला. "कळलं तिला," म्हणाली.

तेव्हापासून ती फोन उचलत नाही. उचगावला तिच्या दारात जाऊन उभा राहिलो, तिच्या वडिलांनी कडी काढली नाही.   मालक म्हणतात, आता जबाब फिरवलास तर दुकानात पाऊल टाकू नको, पोरीपायी विकला गेला म्हणतील लोक. म्हणतीलच. पोलीस खोट्या जबाबासाठी मलाच धरतील. आणि त्या दोघी सुटू नयेत, असं मला अजूनही वाटतंय.

आज तिच्या आईला कोर्टात नेणार आहेत. त्याआधी ठाण्यात जाऊन सांगतो, की तिघींना एकत्र येताना मी बघितलेलं नाही. तुम्ही असता तर तुम्हाला पुढं घालून गेलो असतो. एक गोष्ट तिथं सांगणार नाही, ती तुम्हालाच सांगतो. ती दुसऱ्या कुणाची आई असती, तर मी आत्ता दुकानात असतो.

हा कागद कुठं पाठवू? इथंच तुमच्या फोटोखाली राहू दे. निघालो. दार ओढून घेतो.