उशिरा वाजलेला अलार्म

प्रिय धाकट्या,

चक्क पत्र बघून हसशील. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला असता तर मला धड बोलताच आलं नसतं.

एका हॉस्पिटलात आपल्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या व्हेंटिलेटरची नळी पेशंटच्या तोंडाजवळ निसटली, आणि तीन सेकंदांत वाजायचा अलार्म तीस सेकंदांनी वाजला. नर्सबाईंचं लक्ष होतं म्हणून बरं. छाती हलत नाहीये हे बघून त्यांनी धावत जाऊन नळी बसवली. पेशंट वाचला. तिथल्या इंजिनिअरनं मला विचारलं, "मॅडम, तुमच्या सगळ्या चाचण्या तर पास आहेत, मग हे झालं कसं?" मी लगेच त्यांच्याकडून सगळ्या नोंदी मागवून घेतल्या.

शोधता शोधता सापडलं. त्यांनी अलार्मचं मॉड्यूल नवं घेतलं, घड्याळाचं जुनंच ठेवलं. जुनं घड्याळ सेकंदाचे शंभर भाग मोजतं, नवा अलार्म हजार धरून बसलेला, म्हणून तीनचे तीस सेकंद झाले. आपापल्या जागी दोन्ही बरोबर. ही जोडी एकत्र बसवून कोणी बघितलीच नव्हती.

पूर्वी सगळा प्रोग्राम एकसंध होता तेव्हा एक ओळ बदलली तरी तो पुन्हा बिल्ड करताना कॉम्प्युटर अर्धा दिवस धापा टाकायचा आणि तू टेबलाखाली पाय पसरून घोरायचास. मदतीला आलेला माणूस पहिल्याच बिल्डला कंटाळून पळायचा. मग प्रोग्रामचे तुकडे करून मॉड्यूल सुटी केली आणि केवढी माणसं आली! कोणी फक्त स्क्रीनचं काम घेतलं, कोणी भाषांतराचं. जुनाट लॅपटॉपवरही काम व्हायला लागलं. तो निर्णय मला आजही पटतो. पण तू तेव्हा म्हणाला होतास, "ताई, आपल्याला सुटं सुटं परवडेल, पेशंटला सगळं एकत्रच लागणार." ते वाक्य आता डोक्यातून जात नाही.

न जुळणारी व्हर्जन्स यापुढे एकत्र बिल्डच होणार नाहीत, अशी सोय केलीये. सगळीकडे कळवलंय. पण ओपन-सोर्स म्हणजे कोणीही न्यावं, हवं ते हव्या त्याला जोडावं. कुठे काय जोडलंय, मला कसं कळणार? रस्त्यात हॉस्पिटल दिसलं तरी आत कुठली जोडी चालू असेल, हाच विचार येतो.

आता खरं सांगते. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. आईला अजून सांगितलं नाहीये. नंतर रात्रभर मला व्हेंटिलेटरवर ठेवणार. काल तपासणीला गेले तेव्हा आयसीयूच्या दारातून आपलाच स्क्रीन दिसला. व्हर्जन विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "तुम्ही निवांत राहा हो." कशी राहू? मी तर बेशुद्ध असणार. म्हणून तू ये. त्या मशीनमध्ये काय काय बसवलंय ते बघ. मशीन रिकामं असताना स्वतःच्या हातानं नळी काढ, अलार्म कधी वाजतो ते ऐक, आणि मगच मला आत नेऊ दे.

तुझीच,
घाबरलेली ताई