पाईपाच्या मापाचं सूत

॥ श्री ॥
नागपूर, ता. २ डिसेंबर १९५३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे खुशाल. मुंबईत थंडी नाही म्हणतोस, इथं सकाळी हात चोळल्याशिवाय गाडीचं हँडल फिरवता येत नाही.

मालगुजार जमीनदाराकडून घेतलेली आपली मोटारगाडी बरी चालून राहिली होती, पण परवा धुराच्या पाईपाचा क्लॅम्प तुटला. मागच्या सीटखाली दोन पाईप जुळतात ना, तिथला. गाडी फटफट करते म्हणून लोक वळून पाहतात आणि हसतात. सीताबर्डीची सगळी दुकानं पालथी घातली. ही गाडी अठ्ठावीस सालची, आता त्या मापाचा क्लॅम्प कोणी ठेवत नाही. लोहारानं एक करून दिला तो तिसऱ्या दिवशी तडकला. तू गॅरेजात काम करतोस, भंगाराच्या गल्लीत तुझी ओळख आहे, तर शोध.

सध्या बाबांनी उमरेडहून येऊन जोडावर सूत गुंडाळून दिलं. खळ, राख आणि चिकणमाती लावून असं घट्ट गुंडाळलं की जसं काही मागाच्या ताण्याला खळच पाजून राहिले. आवाज बंद! बाबा खूश. परत जाताना मी त्यांना गाडीनं सोडलं, तर सीटवर बसायचं नाव नाही. जन्मभर मागाच्या खड्ड्यात बसलेला माणूस, खाली गाडीच्या तळाच्या फळ्यांवर मांडी घालून बसले. माप म्हणून त्यांनी सूत दिलं आहे, ते पत्रात ठेवलं. दोन गाठींच्या मधलं अंतर तेवढा पाईपाचा घेर.

दुसरी गोष्ट जयूची. आपल्या बहिणीला जानेवारीत नववा लागेल. मागचं बाळ हाती लागलं नाही, म्हणून डॉक्टरीणबाईनं सांगितलं की या खेपेस बाळंतपण नागपुरातच करा. तिला उमरेडहून याच गाडीत आणायचं आहे. म्हणून घाई.

मायेत कमी करू नको.
तुझा,
जागेश्वर


॥ श्री ॥
मुंबई, ता. ९ डिसेंबर १९५३

चि. जागेश्वर यास,
मार्तंडचे अ. उ. आ.

पत्रातून सूत निघालं तेव्हा गॅरेजात सगळे हसले. क्लॅम्पचं माप लोक इंचांत लिहितात रे! मी म्हटलं, आम्ही कोष्टी, आमचा इंच हाच. तुझं 'चालून राहिली' वाचून मात्र बरं वाटलं, इथं माझ्या तोंडून ते कधी गेलं ते कळलंही नाही.

तीन रविवार लागतील वाटलं होतं, पहिल्याच रविवारी मिळाले. एका बोहऱ्याच्या दुकानात गंजलेल्या नळ्यांच्या ढिगाखाली दोन होते. सूत गुंडाळून पाहिलं, बरोबर गाठीवर गाठ आली. पार्सल केलं आहे. बसवलेस की लगेच कळव.

जयूला जप. बाबांना दंडवत.
तुझा दादा,
मार्तंड


॥ श्री ॥
नागपूर, ता. १७ डिसेंबर १९५३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं, पण क्लॅम्प ढिले पडले. चूक तुझी नाही, आमची. बाबांनी माप घेतलं ते गुंडाळलेल्या सुतावरून, उघड्या पाईपावरून नाही. मी म्हटलं आता पुन्हा मागवतो, तर बाबा म्हणाले काहून त्या पोराला पिडतो? त्यांनी मधे आणखी सूत भरलं आणि वरून तुझे क्लॅम्प आवळले. कोष्ट्याच्या हातचं काम, गाडी आता मुकी झाली.

भाड्याचा धंदा जोरात आहे. थंडीसाठी बाबांनी मागच्या बाजूस जाडे पडदे विणून दिले, पुढच्या सीटच्या मागेही एक लावला म्हणजे बायकांना आडोसा होतो. लोक म्हणतात, जागेश्वरच्या गाडीत पाळण्यासारखी झोप लागते. आणि लागतेच! रुपराव सावजींची आई रामटेकहून येताना अशी झोपली की उतरवताना दोनदा हलवावं लागलं. मग डोकं धरून बसली, ओकली. पित्त असेल. परवाचं वऱ्हाडही असंच पेंगत आलं, नवरीनं डोकं दुखते म्हणून हळद लावून घेतली नाही. मी पुढे उघड्यावर असतो, मला काहीच होत नाही.

जयूचं पोट मोठं दिसते. ती म्हणते मुलगी आहे.

लोभाची वाट पाहणारा,
जागेश्वर


॥ श्री ॥
मुंबई, ता. २२ डिसेंबर १९५३

चि. जागेश्वर यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. ते पित्त नाही. नीट वाच.

गाडीच्या धुरात एक विष असतं, त्याला वास नाही, रंग नाही. तुमचं सूत वरून शाबूत दिसतं, आतून पाईपाच्या आचेनं जळून भुगा झालेलं असणार. विष फळ्यांच्या फटींतून वर येतं आणि पडद्यांमुळे आतच कोंडतं. माणसाला झोप येते, मग डोकं दुखतं, मग तो जागा होत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या गॅरेजातला केशव पावसात दार लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत निजला. सकाळी त्याचा चेहरा तापल्यासारखा लाल होता. आम्हाला वाटलं जिवंत आहे, आम्ही कितीतरी वेळ हाका मारत होतो.

पडदे आजच काढ. सूत कापून टाक, उघड्या पाईपाचं माप पाठव. तोवर गाडी बाहेर काढू नको.

एक मात्र ऐक. बाबांना यातलं काही सांगू नको. त्यांच्या हातच्या कामानं कोणाचा जीव जाऊ शकतो हे ऐकून म्हातारा खचेल. पडदे धुवायला काढले म्हण.

तुझा काळजीत असलेला दादा,
मार्तंड


॥ श्री ॥
नागपूर, ता. २८ डिसेंबर १९५३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलं तसं केलं. सूत कापलं तर आतून खरंच काळा भुगा निघाला. रुपरावांच्या आईला जाऊन भेटून आलो, बरी आहे. काहून आलो ते तिला सांगितलं नाही.

सोबत नवीन सूत आहे, या खेपेस उघड्या पाईपाचं. पाईपावर सध्या पत्रा वाकवून तारेनं बांधला आहे, फटफट पुन्हा सुरू झाली. पडदे पेटीत टाकले. आगगाडीनं उमरेडला जाऊन बाबांना धुवायला काढले म्हणून सांगितलं. ते म्हणाले, नवे पडदे कोण धुते? मागावर काहीतरी लावून बसले आहेत, विचारलं तर हसतात.

जयूला पाच तारखेला आणायचं ठरलं.

तुझा,
जागेश्वर


॥ श्री ॥
मुंबई, ता. २ जानेवारी १९५४

चि. जागेश्वर यास,
अ. उ. आ.

मिळाले! चार गल्ल्या फिरलो, दुकानदार मला सूतवाला म्हणून ओळखू लागले. आजच पार्सल केलं. ते हाती येईपर्यंत जयूला गाडीत बसवू नको. उमरेडहून सकाळची आगगाडी आहे, तिनं आण. वाकवलेल्या पत्र्यावर विसंबू नको.

बाबांना काही कळलं नाही ना?

तुझा दादा,
मार्तंड


॥ श्री ॥
नागपूर, ता. ६ जानेवारी १९५४

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

तार मिळाली असेल, तू आगगाडीत बसला असशील. हे पत्र टपालात टाकत नाही, तू आलास की हातात देईन. जयूसमोर मला बोलता येणार नाही.

मी तीन तारखेलाच गाडी घेऊन उमरेडला गेलो होतो. चार तारखेला सकाळी जयूचे पाय सुजलेले दिसले आणि सुईण प्रयागबाई म्हणाली की उद्यावर टाकू नका, आजच न्या. आगगाडी निघून गेली होती. मी म्हटलं दोन तासांचा रस्ता, पाईपावर पत्रा आहे, पडदे नाहीत, हवा राहील.

तर बाबा नवे पडदे घेऊन बाहेर आले. लाल काठाचे, जयूसाठी विणलेले. स्वतःच बांधू लागले. मी म्हटलं, "बाबा, राहू द्या, हवा लागू द्या." ते म्हणाले, "थंडी पोरीले वाजते, गाडीले नाही."

तेवढ्यावर मी ते बांधू दिले, दादा. त्यांचा हात काठावरून फिरत होता. मी जयूला हळूच सांगितलं की तुले मळमळते ना, तुझ्या बाजूचा पडदा उघडा ठेव, तोंड बाहेरच ठेव. तिनं ठेवलं. बाबांना मी काही सांगितलं नाही.

ते सीटवर बसले नाहीत. खाली फळ्यांवर बसले, जयूचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन, वरून घोंगडी पांघरून. कुहीच्या फाट्यापर्यंत पाय चोळत होते असं जयू सांगते. मग डोकं तिच्या गुडघ्याला टेकलं. तिला वाटलं झोपले. पडद्यांसाठी पाच दिवस पाठ टेकली नव्हती, म्हणून तिनं उठवलं नाही, पायाला मुंग्या आल्या तरी हलवला नाही.

दवाखान्याच्या दारात मी पडदा उघडला. त्यांचा चेहरा लाल होता, तरण्या माणसासारखा. मी मात्र हाका मारल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले वय झालं होतं, हृदय बंद पडलं. सगळे म्हणतात, किती चांगलं मरण, लेकीचे पाय मांडीवर घेऊन गेले. जयूला काल मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत, जयूचं डोकं अजून दुखते. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणते की मी उठवलं असतं तर.

आज दुपारी तुझं पत्र आणि पार्सल एकदमच आलं. मी अंगणात जाऊन क्लॅम्प बसवले. बरोबर बसले.

पडदे बाबांचे होते, पण गाडी मी चालवली. जयूला खरं सांगायचं की नाही ते तू ठरव. बाबांना सांगू नको हे तूच ठरवलं होतंस, आणि मी ऐकलं होतं.

लोभ ठेव असं लिहायची रीत आहे. ठेवशील का, एवढंच विचारतो.

तुझा,
जागेश्वर