दारातलं खुराडं

इंदूर,
रंगपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय संहिता,

तुला आणि आमच्या ईशाबाईंना पोटभर आशीर्वाद. हाताचा गुलाबी रंग अजून गेलेला नाही, तेव्हा कागदावर कुठे ठसे दिसले तर दुर्लक्ष कर. फोनवर मला दोन वाक्यांपलीकडे बोलता येत नाही, हे तू जाणतेसच. तिसऱ्या वाक्याला मी फोन तुझ्या आईकडे देऊन मोकळा होतो. म्हणून हे पत्र, आणि ते बहुतेक सगळं कोंबड्यांबद्दल आहे.

पण आधी तुझं बोलणं. नीरजचं घर सोडून तू ईशाला घेऊन पुण्यात भाड्याच्या खोलीत राहायला लागलीस, त्याला आता वर्ष होईल. डिसेंबरात मी म्हटलं, इकडेच ये कायमची. त्यावर तू म्हणालीस की बाबा, मी आले तर गल्लीला रोज उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील, ते मला नको. तेवढ्यात ईशाने तुझ्या हातातून फोन ओढून विचारलं, आजोबा, तुमच्याकडे कोंबडी आहे का? मी म्हणालो, नाही, पण येईल. तुझ्या बोलण्यापेक्षा तिच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं, म्हणून ते आधी हातात घेतलं.

आयुष्यभर ड्राफ्ट्समनची नोकरी केली, दुसऱ्यांच्या बंगल्यांचे नकाशे काढले, पण खुराड्याचा नकाशा काढताना जी मजा आली ती कधी आली नव्हती. शक्यतो नवीन काही आणायचं नाही, असं ठरवलं. आपला जुना कूलर आठवतो ना? पंखा आणि मोटर भंगारवाल्याने कधीच नेली, पत्र्याचा सांगाडा गच्चीवर गंजत होता. कूलरला तिन्ही बाजूंनी झरोके असतात; हवा खेळती राहते आणि झोत थेट अंगावर येत नाही. कोंबड्यांना नेमकं हेच लागतं. आत बसायला जुन्या पलंगाची चपटी पट्टी ठोकली, कारण थंडीत कोंबडी पट्टीवर बसते आणि पायाची बोटं पोटाखाली झाकून घेते. गोल दांड्यावर तिला ते जमत नाही. अंडी घालायला भाजीचं एक क्रेट, त्यात भुसा. टाइल्सच्या दुकानाबाहेर टाकून दिलेल्या लाकडी चौकटी मागून आणल्या आणि कूलरला जोडून फिरायला लांबरुंद आवार केलं. खर्च केला तो जाळीवर. स्वस्तातली मुर्गाजाळी कोंबडीला आत ठेवते, पण मांजराला आणि मुंगसाला बाहेर ठेवत नाही. म्हणून लोहामंडीतून बारीक भोकांची जाड जाळी आणली. तिथे हात आखडला असता तर बाकीची सगळी बचत मुंगसाने खाल्ली असती.

हे सगळं मी पुढच्या अंगणात, ऊन खात केलं. खुराड्याची जागा मात्र परसात ठरली होती, लिंबाच्या झाडाखाली, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशी. संक्रांतीच्या आधी शेजारचा मनीष त्याच्या नमकीनच्या दुकानातली माणसं घेऊन आला. खुराडं उचललं, घराच्या बाजूच्या बोळाशी नेलं, आणि ते तोंडातच अडकलं. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. मनीष खाली बसून हसायला लागला, "क्या काकाजी, ज़िंदगी भर दुनिया के नक्शे बनाए और अपने ही घर का नाप भूल गए!" समोरच्या ओट्यावरच्या बायकाही हसल्या. तुझ्या आईने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, आता तोडा ते. मी म्हणालो, मोडायला जीव होत नाही, राहू दे दारातच. मग चारी बाजूंनी जाळीची कड जमिनीवर बाहेर पसरून वर विटा रचल्या, म्हणजे कुणी उकरून आत शिरायला नको. बेटम्याहून तीन देशी कोंबड्या आणल्या. कोंबडा मुद्दाम नाही आणला. गल्लीला पहाटे उठवायचा हक्क अजून भजनी मंडळाकडेच आहे.

मग जे बोलणं सुरू झालं, विचारू नकोस. ज्या घरात अंड्याचा केकसुद्धा कधी आला नाही, त्याच्या दारात कोंबड्या! शिवाय आपल्या शहराचा स्वच्छतेचा पहिला नंबर आमच्यामुळेच जाणार, अशी एकाला काळजी. मी त्याला हाताला धरून आत नेलं, भुशाचा आणि वाळक्या पानांचा थर दाखवला, वास घ्यायला लावला. वास नव्हताच. हळदीकुंकवाच्या दिवशी तुझ्या आईने खुराड्यावर जुनी चादर टाकली. कोंबडा झाकला म्हणून उजाडायचं राहतं का? ऐन वाण देताना एकीने अंडं घातलं आणि सबंध गल्लीला ओरडून सांगितलं. तुझी आई पाच मिनिटं लाजली आणि मग इतकी हसली की हातातलं तिळगुळाचं ताट मला धरावं लागलं. चादर पुन्हा काही पडली नाही.

तुझी रमाआत्या कृष्णपुऱ्याहून खास रिक्षा करून आली. "अरे गजू, हे काय लफडं चालू केलंस तू? आणि ते पण सामने, दारात? अच्छा नाही वाटत रे, लोक क्या बोलेंगे!" असं म्हणून चहा न घेता परत गेली. फेब्रुवारीत तीच पुन्हा आली. तिच्या अश्विनला जिमवाल्याने देशी अंडी सांगितली आहेत म्हणे. स्टीलच्या डब्यात चार अंडी, वर झाकायला कोथिंबिरीची जुडी, असं घेऊन गेली. हल्ली कोथिंबीर विसरते. मनीषची बायको भाजीची देठं आणून टाकते, समोरच्या ओट्यावर आता कुणाच्यातरी भाडेकरूचा विषय चालू आहे. काल रंगपंचमीच्या मिरवणुकीला, गेरीला निघालेली पोरं ढोल वाजवत खुराड्याला वळसा घालून गेली, एकाचीही मान वळली नाही. तुझी आई अंड्याला अजून हात लावत नाही, मला फडक्यात धरून उचलायला लावते. पण दोघींची नावं तिनेच ठेवली. तिसरीचं ईशासाठी राखून ठेवलंय.

आता जे तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही ते सांगतो. मी बोळाचं माप विसरलो नव्हतो. दिवाळीत तू आलीस ती दिवेलागणीनंतर, समोरच्या ओट्यावर बायका बसलेल्या पाहून त्याच बोळातून, बॅग आडवी धरून, ईशाला मागे लपवत, थेट स्वयंपाकघराच्या दाराशी. माझी लेक स्वतःच्या घरात अशी शिरली, हे मला फार लागलं गं. म्हणून त्या बोळातून जाणारच नाही अशी वस्तू मी जाणूनबुजून केली, ती दारात मांडली आणि बघत बसलो, लोक काय बोलतात आणि कुठवर बोलतात. संक्रांतीला सुरू झालं, रंगपंचमीला संपलं. उत्तरं मीच दिली, आणि खरं सांगू, मला मजा आली. तेव्हा ईशाची परीक्षा झाली की ये. भेटायला नको, राहायला ये. भर दुपारी ये, रिक्षा फाटकाशी उभी करायला सांग आणि सामान पुढच्या दारातून आत घे. खुराड्याच्या बाजूने तुझ्या मोठ्या बॅगेला जेवढी जागा लागेल तेवढी मी सोडली आहे, तीही मापूनच.

तुझाच,
बाबा