पहिली ओंजळ

सौ. धुरपतास केरबाचा समुद्राकाठून आशीर्वाद. मी धडधाकट हाय, पोटभर जेवतो.

इथं लई मोठं खारं तळं हाय. गाळानं त्याचं तोंड बुजलं, समुद्राचं पाणी आत येईना, मासे मेले, पाखरं गेली. ते तोंड उकरायला मुकादमानं आम्हा विहीर खोदणाऱ्यांना लातूरहून आणलं. माशांसाठी! आपल्याकडं जिल्हा नवा झाला, कचेरीला रंग लागला, टँकर तेवढा गावात येईना. आला का गं आता? मायला घागर उचलू देऊ नको.

काल तोंड मोकळं झालं अन् समुद्र धो धो आत शिरला. कोळ्यांच्या बाया रडल्या. विहिरीला पाणी लागल्यावर करतो तसा आम्ही नारळ फोडला अन् सवयीनं पहिली ओंजळ तोंडात घेतली. नुसतं मीठ! कोळी पोट धरून हसले. आपल्या गल्लीतला सटवाजी तर शिव्या देत थुंकला.

मी थुंकलो न्हाई. पहिलं पाणी थुंकलं की विहीर रुसते म्हणत्यात, अन् आपली विहीर मी अर्धी खोदून, कोरडी सोडून आलोय. म्हणून गिळलं.

लेकरांना जवळ घे.

तुझा,
केरबा