ट्रेमधली कडी

धाकटे,

तुझी कडी हरवलेली नाही. माझ्या एप्रनच्या खिशात आहे.

एमआरआय स्कॅनच्या अर्जावर ‘अंगात धातू नाही’ असं लिहून तू सही ठोकलीस आणि पडद्याआड गेल्यावर पुटपुटलीस, "ताई, खाली एक कडी आहे." वीस वर्षं या मशीनवर काढूनही माझी बोबडी वळली. संशय सरळ तुझ्या नवऱ्यावर गेला. बाहेर बसून इतका गोड हसत होता, कारण असणारच! तू कडी काढून ट्रेमध्ये ठेवलीस. काढली की भोक बुजतं, एवढं मला ठाऊक होतं. स्कॅननंतर मी म्हणाले, "ट्रेमधून कुठेतरी पडली."

मग अशा टोचण्याबद्दल वाचून काढलं. शिस्निकेवरच्या पातळ त्वचेतली जखम, तुझ्यासारखी, महिना-दीड महिन्यात भरते आणि काहींचं सुखही वाढतं म्हणे. योनीच्या बाहेरच्या ओठांतलीला जास्त दिवस लागतात. थेट शिस्निकेत टोचलं तर ती कायमची बधिर होऊ शकते. शिवाय पू होणं, ॲलर्जी, कपड्यात अडकून फाटणं. माझा जीव थाऱ्यावर राहिना.

काल फोनवर विचारलंच, "त्यानेच करायला लावलं ना?"

"त्याला महिनाभर पत्ताच नव्हता. मला हवं होतं, मी केलं. लहानपणी माझे कान टोचले तेव्हा मी किंचाळत होते आणि तू माझे हात धरले होतेस. तेव्हा नाही विचारलंस, कुणी करायला लावलं?"

मी विषय बदलायला गेले. मग तूच म्हणालीस, "ताई, वीस वर्षांत तुझ्या ट्रेमधून कधी काही पडलंय?"

हे पत्रही खिशातच ठेवतेय, कडीशेजारी.

तुझे हात धरणारी,
ताई