आईच्या गळ्यातले ठोके

नाहूर, शुक्रवार

ती. दादास गंधालीचा नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून गावी निघालेल्या कृणालच्या हाती हे पत्र देते आहे.

आई बरी आहे. जेवते, आणि वहिनीसारखी सोलकढी मला जमत नाही म्हणून टोमणेही मारते. वहिनीचा गुडघा कसा आहे?

काल आईच्या मानेची सोनोग्राफी झाली. गाठीत ठोके पडतात असं ती सांगायची, तेव्हा तू हसायचास, "काळीज गळ्यात आलंय काय गं तुझं?" इथल्या डॉक्टरीणबाईंनी ते ठोके पडद्यावर दाखवले. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या फाट्यातच गाठ बसली आहे, आणि तिच्यात रक्त खेळतंय. तुझ्या दोस्त डॉक्टरने तपासणीसाठी गाठीत सुई टोचली असती, तर रक्त थांबवणं कठीण झालं असतं. मी आईला त्याच्या दवाखान्यातून उठवून आणलं, तर चारचौघांत तुझा अपमान झाला म्हणे. झाला असेल.

गाठीला रक्त कुठून मिळतं तेही सोनोग्राफीत कळलं. सोमवारी त्या वाटा बंद करतील आणि मंगळवारी ऑपरेशन. आवाजाची नस गाठीला खेटून आहे. आवाज बसेल, कदाचित कायमचा, असं बाई म्हणाल्या.

आईने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "त्याचा फोन येईल ना गं त्याआधी?"

मी हो म्हटलं. तुझ्यासाठी आणखी खोटं बोलणार नाही.

माझ्याशी बोलू नकोस. तिच्या नंबरवर फोन कर, आणि तिलाच बोलू दे.

ओजसला आशीर्वाद.

नाइलाजाने का होईना, तुझीच बहीण,
गंधाली